चिनी 'जिआ': घराच्या अक्षरात डुक्कर कशासाठी?

नुकतंच चिनी शिकू लागलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पहिल्या काही धड्यांतच त्यांना 'जिआ' हे अक्षर भेटलं. अर्थ घर, कुटुंब. अॅपने सांगितलं की वर छप्पर, खाली डुक्कर. ज्याच्याकडे डुक्कर त्याचं घर भरलेलं, म्हणून हे घराचं अक्षर. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. हे खरंच असं घडलं की ही पाठांतरासाठी रचलेली गोष्ट आहे? आणि घराचं अक्षर लेखक, देश, उपाहारगृह, संन्यास अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांत कसं काय येतं?

मी बरीच वर्षं चिनी शिकवते आणि भाषांतरं करते, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण चिनी लिपी कशी चालते हे समजायला याहून चांगलं अक्षर शोधून सापडणार नाही. माझं उत्तर आधी सांगते. छप्पर खरं आहे, डुक्करही खरं आहे, पण डुक्कर तिथे मुख्यतः उच्चार सांगायला बसलं आहे. अर्थाशी त्याचं नातं असेलही, पण ते नंतरचं. आता हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते बघू.

सुरुवात उच्चारापासून करू. मराठीत आपण सवयीने 'जिआ' लिहितो आणि मीही इथे तसंच लिहिणार आहे, पण बोलताना हा आवाज आपल्या 'चार'मधल्या 'च'च्या जास्त जवळ जातो. 'चाक'मधला 'च' नव्हे. पहिला सूर, म्हणजे आवाज वरच्या पट्टीत सपाट ठेवायचा. हा झाला आजच्या प्रमाण चिनीतला, म्हणजे मँडरिनमधला उच्चार. दक्षिणेकडे हाँगकाँगला किंवा क्वांगचौला जा, कँटोनीज बोलणारा माणूस याच अक्षराला जवळजवळ 'का' म्हणेल. जपान्यांनी हे अक्षर प्राचीन काळी चीनकडून घेतलं आणि त्यांच्याकडेही ते 'का' किंवा 'के' असंच राहिलं. क्रीडापानावर आपण 'जुदोका' हा शब्द वाचतो ना, ज्युदो खेळणाऱ्या खेळाडूसाठी? त्यातला शेवटचा 'का' म्हणजे हेच अक्षर. कोरियन भाषेत ते 'गा' आहे.

म्हणजे मुळात 'क' होता. उत्तरेकडच्या बोलींत पुढे 'इ'सारखा स्वर आल्यावर हा 'क' मऊ होत होत 'च'कडे सरकला. पेकिंगचं बीजिंग झालं त्याच्यामागे हेच आहे. नाव बदललं नाही. जुन्या 'किंग'चा उच्चार 'जिंग' झाला आणि युरोपीय नकाशांनी जुना 'क' बराच काळ जपून ठेवला. 'जिआ'चा त्याहूनही जुना, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार भाषाशास्त्रज्ञ 'क्रा'च्या आसपास मांडतात. हा 'क्रा' लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता आकृती. अक्षर दहा फटकाऱ्यांचं आहे. वरच्या तिनांत छप्पर होतं: मध्यावर एक टिंब, डावीकडे एक छोटा तिरका ठिपका, आणि आडवी रेघ ओढून उजव्या टोकाला खाली आकडा. चिनी विद्यार्थी या भागाला 'बाओगाय थौ' म्हणतात, म्हणजे 'रत्न' या अक्षराच्या डोक्यावरचं झाकण. हे झाकण जिथे दिसेल तिथे घर, खोली, आसरा असा काहीतरी अर्थ येतो. उरलेल्या सात फटकाऱ्यांत डुक्कर: वर एक आडवी रेघ, मधोमध वाकलेला कणा, डावीकडे तीन तिरप्या रेघा, उजवीकडे एक आखूड आणि एक लांब. या खालच्या भागाचा स्वतंत्र उच्चार 'श' आणि अर्थ डुक्कर. आजच्या बोलीत डुकराला 'झू' म्हणतात आणि तो शब्द वेगळ्या अक्षराने लिहितात, म्हणून नवशिक्याला हे डुक्कर ओळखू येत नाही. जुन्या लेखांत ते चांगलंच ओळखू येतं. फक्त ते आडवं उभं नसतं. थुथनी वर, शेपटी खाली, पाय डावीकडे, असं शेपटीवर तोललेलं असतं. उभ्या अरुंद ओळींत मजकूर लिहायचा तर लांबट प्राणी उभेच करावे लागतात, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं, आणि घोडा, कुत्रा, वाघ यांचंही तिथे तसंच झालेलं आहे.

इथवर अॅपची गोष्ट बरोबर आहे. प्रश्न आहे तो 'म्हणून' या शब्दाचा. छप्पर अधिक डुक्कर, *म्हणून* घर?

या अक्षराचं आपल्याला उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पद्धतशीर स्पष्टीकरण शू शन या हान काळातल्या विद्वानाचं आहे. त्याने इ.स. १०० च्या सुमाराला 'शुओवन ज्येझी' हा कोश पुरा केला आणि १२१ मध्ये त्याच्या मुलाने तो सम्राटाला सादर केला. ९,३५३ अक्षरं, ५४० गटांत लावलेली. चिनी अक्षरांच्या व्युत्पत्तीवर बोलणारा कुणीही आजही या कोशापासून सुरुवात करतो. 'जिआ'बद्दल शू शन अगदी मोजके शब्द लिहितो: अर्थ, राहण्याची जागा, अर्थाचा भाग, छप्पर, उच्चाराचा भाग, 'नर डुक्कर' या अक्षराचं आखूड केलेलं रूप.

नर डुकरासाठी, म्हणजे वराहासाठी, जुन्या चिनीत एक खास शब्द होता आणि त्याचा उच्चारही 'जिआ'च. प्राचीन उच्चारही तोच, 'क्रा'. म्हणजे शू शनचं म्हणणं असं की लिहिणाऱ्याला 'क्रा' हा घरवाचक शब्द लिहायचा होता. छप्पर काढून त्याने विषय सांगितला, आणि 'क्रा' नावाचा प्राणी काढून उच्चार सांगितला. चिनी लिपीत ही पद्धत अपवादाची नाही, तीच मुख्य आहे. शू शनच्या कोशातली दहांतली आठ अक्षरं अशीच आहेत, एक भाग अर्थाकडे बोट दाखवणारा आणि एक भाग आवाजाकडे. छपराखालचीच उदाहरणं घ्या. पाहुण्यासाठीचं 'ख' हे अक्षर म्हणजे छप्पर आणि त्याखाली 'ग' असा उच्चार असलेला भाग. खुद्द 'अक्षर' या अर्थाचं 'झी' म्हणजे छपराखाली मूल. मुलासाठीचा शब्दही 'झी'च, फक्त सूर वेगळा. या दुसऱ्या उदाहरणात मूल उच्चारही सांगतं आणि अर्थही, कारण 'झी'चा मूळ अर्थ जन्म देणं, संगोपन करणं असा होता. दोन्ही कामं एकाच भागाने केलेली अशी अक्षरं पुष्कळ आहेत. 'जिआ'चा विचार करताना ही शक्यता उघडी ठेवायला हवी.

शू शनचं स्पष्टीकरण पुढे अनेकांना पटलं नाही, आणि त्याचं कारण रास्त आहे. 'अमुक अक्षराचं आखूड केलेलं रूप' ही फार सोयीची पळवाट आहे. कुठल्याही अक्षरात जे नाही ते पूर्वी होतं आणि नंतर गळलं असं म्हणता येतं. शू शनने हे हत्यार इतर ठिकाणीही वापरलं आहे आणि त्यातल्या कित्येक जागी ते चुकीचं ठरलं आहे. द्वान यूत्साय (१७३५–१८१५) हा त्या कोशाचा सर्वांत मोठा भाष्यकार. 'जिआ'पाशी आल्यावर तो थांबतो आणि हे मोठंच संशयास्पद प्रकरण असल्याचं स्पष्ट लिहितो. डुकरापासून बनलेली अक्षरं ढीगभर आहेत, मग इथलं डुक्कर नरच, आणि तेही आखूड केलेलं, हे कशावरून, असा त्याचा सवाल. त्याचं स्वतःचं मत असं: या अक्षराचा मूळ अर्थ डुकरांची राहण्याची जागा असा असावा आणि तो पुढे माणसांच्या राहण्याकडे वळला. दाखला म्हणून तो 'लाओ' हे अक्षर देतो. छपराखाली गाय, म्हणजे गोठा. पुढे त्याचाच अर्थ तुरुंग झाला. गोठ्याचा तुरुंग होऊ शकतो तर डुकरांच्या खुराड्याचं घर का नाही? शिवाय डुकरांना पिल्लं खूप होतात, म्हणून माणसं एकत्र नांदतात त्या जागेला हे अक्षर उसनं घेतलं गेलं, असं तो सुचवतो. आज अॅपवर किंवा व्हॉट्सअॅपवर जी गोष्ट फिरते तिचं मूळ बऱ्याच अंशी या परिच्छेदात आहे.

१९व्या शतकात वू दाछंग या काशाच्या भांड्यांवरच्या लेखांच्या अभ्यासकाने तिसरी बाजू मांडली. त्याच्या मते हे यज्ञाचं, पूर्वजपूजेचं अक्षर. सरदारांकडे पूर्वजांची स्वतंत्र देवळं असत. सामान्य माणसाकडे देऊळ नसे, म्हणून तो राहत्या घरातच, छपराखाली डुक्कर मांडून पूर्वजांना अर्पण करी. मला ही मांडणी पूर्ण पटत नाही, पण ती हलकी समजू नये. पूर्वजपूजेत डुकराला खरोखरच मान होता: मोठ्या नैवेद्यात गाय, मेंढा आणि डुक्कर, लहान नैवेद्यात मेंढा आणि डुक्कर, अशी जुनी वर्गवारी आहे. काही जुन्या अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांत, 'जिआ' पूर्वजाच्या नावानंतर येतं, आणि तिथे त्याचा अर्थ राहतं घर नसून त्या पूर्वजाची पूजेची वास्तू असा लागतो.

ते अस्थिलेख द्वान यूत्सायने पाहिले नव्हते, आणि शू शननेही नाही. सगळं प्रकरण इथेच येऊन फिरतं.

१८९९ मध्ये वांग यीरोंग या बीजिंगमधल्या अधिकारी विद्वानाचं लक्ष औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवरच्या कोरीव खुणांकडे गेलं. ही हाडं हनान प्रांतातल्या आनयांगजवळून येत होती. १९२८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झालं आणि सिद्ध झालं की ही शांग राजांची शेवटची राजधानी. बैलांच्या खांद्याची हाडं आणि कासवांच्या पोटाकडची कवचं तापवून, त्यांना गेलेल्या तड्यांवरून राजे भविष्य पाहत आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. आज असे एक लाखाहून जास्त तुकडे ज्ञात आहेत, इ.स.पू. १२५० ते १०५० च्या आसपासचे. शू शनच्या काळापर्यंत ते हजार वर्षं जमिनीत गाडलेले होते.

या हाडांवर डुकरं खूप आहेत, कारण यज्ञात किती आणि कोणती डुकरं द्यायची हाच अनेक प्रश्नांचा विषय आहे. आणि शांग काळचे लेखनिक डुकराडुकरांत फरक करत. साधं डुक्कर वेगळं. अंगात बाण घुसलेलं रानडुक्कर वेगळं. पोटाखाली एक छोटी जोडलेली रेघ असलं की तो नर, म्हणजे 'क्रा'. तीच रेघ पोटापासून तुटलेली दाखवली की खच्ची केलेला. एका रेघेच्या जागेवरून त्यांनी नर आणि खच्ची केलेला नर वेगळे केले. जो समाज प्राण्यांच्या कळपांवर जगतो आणि त्यांचा हिशेब देवांना देतो, त्याच्या लिपीत असा बारकावा असणं स्वाभाविक आहे, तरी मला तो दरवेळी थक्क करतो.

आता 'जिआ'ची त्या काळची रूपं बघा. काहींत छपराखाली साधं डुक्कर आहे, हे मान्य करायला हवं. पण काही रूपांत, आणि शांग काळच्या काशाच्या भांड्यांवरच्या चित्रसदृश कुलचिन्हांतही, पोटाखालची ती रेघ अगदी ठळक आहे. छपराखालचा प्राणी नर डुक्कर आहे. 'क्रा'च्या छपराखाली 'क्रा'.

पुढे लेखन वेगवान होत गेलं तशी ती छोटी रेघ गळली. नर डुक्कर आणि साधं डुक्कर दिसायला एकच झाले. मग नर डुकरासाठी वेगळं अक्षर बनवावं लागलं, डावीकडे डुक्कर आणि उजवीकडे 'जिआ' असा उच्चार सांगणारा दुसराच भाग, आणि शू शनच्या कोशात ते याच नव्या रूपात आहे. त्यामुळे शू शनला घराच्या अक्षरातलं डुक्कर नर आहे हे डोळ्यांनी दिसण्याचा काही मार्गच नव्हता. तरी त्याने नेमकं तेच लिहिलं. म्हणजे पाठशाळांच्या परंपरेत, गुरूकडून शिष्याकडे, ही माहिती शतकानुशतकं आलेली असणार. 'आखूड केलेलं' हे त्याचं वर्णन तांत्रिकदृष्ट्या ढिलं आहे; खरं म्हणजे मूळ अक्षर आखूड केलं गेलं नाही, त्याची खूण झिजली. पण मुद्दा त्याचाच बरोबर. द्वान यूत्सायचा संशय त्याच्यासमोरच्या पुराव्यानुसार योग्य होता, आणि त्याला उत्तर मिळालं ते त्याच्या मृत्यूनंतर जवळपास शतकभराने, जमिनीखालून.

म्हणून मी म्हणते की डुक्कर तिथे आवाजासाठी आहे. घर सूचित करायला कुठलंही पाळीव जनावर चाललं असतं. मुद्दाम नरच काढण्याचं कारण अर्थाच्या बाजूने मिळत नाही. उच्चाराच्या बाजूने ते सरळ मिळतं.

मग अर्थाचा काहीच वाटा नाही का? इथे माझं मत थोडं मऊ आहे. डुक्कर हा चिनी संस्कृतीत उसना आलेला प्राणी नाही. हनानमधल्या जिआहू इथे सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीची पाळीव डुकरं सापडली आहेत. (या गावाच्या नावातला 'जिआ' वेगळा आहे, घराचा नाही.) जजिआंग प्रांतात हमुदू इथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचं काळं मातीचं पात्र मिळालं, त्याच्या बाजूवर डुकराची सुरेख आकृती कोरलेली आहे. शानदोंगमधल्या दावनकौ संस्कृतीत श्रीमंत माणसाच्या थडग्यात डुकरांची कवट्या-जबड्यांची हाडं पुरत, म्हणजे ती दौलत होती. हान काळातल्या थडग्यांत मातीच्या घरांच्या छोट्या प्रतिकृती मिळतात आणि त्यांत शौचकूप व डुकरांचं खुराडं एकाला एक जोडलेलं दिसतं. आजही चिनीत 'रौ' म्हणजे नुसतं 'मांस' म्हटलं की ते डुकराचंच समजायचं. बाकीच्यांना गाय, मेंढी असं नाव जोडावं लागतं. अशा समाजात छपराखाली डुक्कर लिहिताना लेखनिकाला ते विचित्र वाटलं नसेल, उलट बरोबरच वाटलं असेल. भाषाशास्त्रज्ञ लुओ छांगपेइ यांनी युन्नानमधल्या खेड्यांकडे बोट दाखवलं होतं, जिथे माणसं वर राहत आणि डुकरं खालच्या मजल्यावर. तेव्हा आवाजाने डुक्कर निवडलं आणि अर्थाने त्याला अडवलं नाही, असं मी मानते. 'डुकरं साप खातात म्हणून घराखाली डुक्कर ठेवलं तर घर सुरक्षित, म्हणून हे अक्षर' ही जी आणखी एक गोष्ट फिरते, तिला मात्र जुन्या लेखांत कुठलाच आधार नाही. ती सोडून द्या.

आता दुसरा प्रश्न, अर्थ इतके पसरले कसे.

आधी हे मनातून काढा की 'जिआ' म्हणजे चार भिंती. चार भिंतींसाठी 'फांगझी' आहे. बिल्डर विकतो ते 'फांगझी'. 'जिआ' म्हणजे जिथे आपली माणसं आहेत ती जागा, किंवा ती माणसंच. 'आमच्या जिआत चार तोंडं' असं म्हणतात, कुटुंबातली माणसं 'खौ' म्हणजे तोंडांनी मोजतात. आणि प्राचीन ग्रंथांत तर ही माणसं शेकड्याने असत. शांगांनंतरच्या झौ काळात राजाच्या मांडलिकाचा मुलूख तो 'गुओ' आणि त्या मांडलिकाच्या सरदाराची जहागीर ती 'जिआ'. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला विचारवंत मेन्सियस याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो राजाला बजावतो की दहा हजार रथांच्या 'गुओ'त राजाचा खून करणारा नेहमी हजार रथांच्या 'जिआ'तला असतो. हजार रथ बाळगणारं 'घर'! कन्फ्यूशियस लू राज्यातल्या 'तीन जिआं'वर संतापतो तेव्हाही तो तीन बलाढ्य सरदार घराण्यांबद्दल बोलत असतो. राजालाच शोभणारं स्तोत्र ते आपल्या पूजेत म्हणवत होते. 'गुओ' आणि 'जिआ' जोडून 'गुओजिआ' झालं, आणि तोच आज देश किंवा राष्ट्र या अर्थाचा रोजचा शब्द आहे. कुणी भाषणात 'चिनी लोक देशाला मोठं घर मानतात म्हणून हा शब्द' असं सांगितलं तर ते अर्धवट आहे. मुळात राज्य आणि जहागीर ही सत्तेच्या दोन पायऱ्यांची जोडी होती.

विचारांच्या शाळांसाठी 'जिआ' आला तो इथूनच. सिमा तान या हान काळच्या दरबारी इतिहासकाराने आपल्या आधीच्या विचारांची विभागणी सहा 'जिआं'त केली: यिन-यांगवाले, कन्फ्यूशियसवाले, मोझीवाले, नामवादी, कायदेवादी आणि दाओवाले. 'रूजिआ', 'दाओजिआ', 'फाजिआ' हे शब्द त्यातून रूढ झाले. मराठी माणसाला हे समजावताना मी एकच शब्द उच्चारते आणि काम होतं: घराणं. ग्वाल्हेर घराणं, किराणा घराणं म्हणताना आपण घरापासून निघून गुरुपरंपरेपर्यंत जसे पोचतो, तसंच. फरक इतका की चिनीत शब्द इथे थांबला नाही. परंपरेकडून तो त्या विद्येत मुरलेल्या एका माणसाकडे आला. 'झुओजिआ' लेखक, 'ह्वाजिआ' चित्रकार, 'खश्युएजिआ' शास्त्रज्ञ, 'झ्वानजिआ' तज्ज्ञ. आपला जुदोकाही याच पंक्तीतला. यात मानाचा भाव आहे, म्हणून हा शब्द दुसऱ्यासाठी वापरावा. चार कथा लिहिलेला माणूस स्वतःची ओळख 'झुओजिआ' अशी करून द्यायला कचरतो. तो म्हणेल, मी लिहितो.

दुकानाचं उत्तर छोटं आहे. 'यी जिआ फानग्वान', एक उपाहारगृह. 'ल्यांग जिआ गोंगस', दोन कंपन्या. इथे 'जिआ' हे मोजण्याचं पद आहे. दुकान म्हणजे एक कुटुंब, एक चूल, अशी जुनी व्यवस्था होती आणि मोजणी तिथूनच आली. बँक किंवा रुग्णालय मोजतानाही तेच चालतं.

घरातल्या नात्यांत मात्र जपून. 'जिआफू' म्हणजे वडील, पण फक्त *माझे*, आणि तेही दुसऱ्यासमोर अदबीने बोलताना. समोरच्याच्या वडिलांना 'जिआफू' म्हटलं तर मोठीच चूक होते; तिथे 'लिंगझुन' हवं. शिवाय हा 'जिआ' वडीलधाऱ्यांनाच लागतो. धाकट्या भावासाठी 'शदी', ज्यातला 'श' म्हणजे झोपडी. पत्रं भाषांतरित करताना हे भान सतत ठेवावं लागतं.

संन्यासाचा शब्द माझ्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण तो आपल्याकडून गेला. 'छूजिआ', म्हणजे घरातून बाहेर पडणं, हा संस्कृत 'प्रव्रज्या'चा चिनी अनुवाद. पाली ग्रंथांत 'अगारातून अनगारात जाणं' अशी शब्दयोजना वारंवार येते, तेव्हा भाषांतरकारांनी 'जिआ' निवडला तो फार विचारपूर्वक. भिक्षू म्हणजे 'छूजिआ रन', घर सोडलेला माणूस. गृहस्थ उपासक म्हणजे 'झायजिआ', घरात राहिलेला. चिनी समाजाला हा शब्द पचायला अवघड गेला असणार, कारण तिथे जिआ सोडणं म्हणजे पूर्वजांच्या पूजेची जबाबदारी सोडणं, आणि बौद्धांवर शतकानुशतकं हाच आक्षेप घेतला गेला. ह्युएन त्संगने वयाच्या तेराव्या वर्षी लुओयांगमध्ये अशीच छूजिआ केली आणि पुढे सातव्या शतकात, पुलकेशीच्या काळात, तो महाराष्ट्रातून गेला. उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे, असं त्याने इथल्या लोकांचं वर्णन लिहून ठेवलं आहे.

गावांच्या नावांत हे अक्षर जागोजागी दिसेल. आडनाव, मग 'जिआ', मग गाव, खिंड किंवा सीमा. झांगजिआजिए म्हणजे झांगांच्या वस्तीची हद्द. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधलं झांगजिआखौ म्हणजे झांगांची खिंड. हबेइची राजधानी श्जिआझ्वांग म्हणजे श घराण्याचं खेडं. आता ते मोठं शहर आहे, आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे.

अजून दोन अक्षरं याच्या शेजारी मांडून शिका. डावीकडे स्त्री, उजवीकडे पूर्ण 'जिआ': उच्चार 'जिआ'च पण चौथा, खाली कोसळणारा सूर, अर्थ मुलीने लग्न करून जाणं. इ.स. ७९ च्या दरबारी चर्चांवर आधारलेला एक ग्रंथ सांगतो की स्त्रीचं घर बाहेर, दुसऱ्याकडे वसतं, म्हणून हे अक्षर असं. आवाज आणि अर्थ दोन्ही एकाच भागाने वाहिल्याचं हे सरळ उदाहरण आहे. डावीकडे धान्य आणि उजवीकडे 'जिआ' लिहिलं की पेरणी, शेती. उच्चार तोच चौथ्या सुरातला, आणि इथे जिआचं काम बहुतांशी आवाजाचंच. जुने ग्रंथ वाचायला लागाल तेव्हा एक अपवाद भेटेल: हान इतिहास पूर्ण करणाऱ्या बान झाओ या विदुषीला दरबारात जी मानाची पदवी होती ती 'दाजिआ' अशी लिहितात, पण वाचायची 'दागू'. आधुनिक 'दाजिआ' म्हणजे 'सगळे जण', त्याच्याशी तिची गल्लत करू नका.

लिहिण्याबद्दल एक सूचना. डुकराच्या डावीकडच्या तीन तिरप्या रेघांपैकी एक विद्यार्थी हमखास विसरतात, म्हणून दहा फटकारे मोजूनच हात उचला. १९५६ मध्ये चीनने बरीच अक्षरं सोपी केली, त्या सुलभीकरणात हे अक्षर जसंच्या तसं ठेवलं गेलं. फक्त फर्निचरच्या शब्दात पूर्वी जिआच्या डावीकडे माणसाची खूण जोडत, ती मुख्य भूमीवर गेली आणि तैवानमध्ये अजून दिसते. १९७७ च्या दुसऱ्या सुलभीकरणाच्या मसुद्यात मात्र डुक्कर काढून छपराखाली दोन फटकाऱ्यांचा माणूस बसवला होता. दहाचे पाच फटकारे झाले असते आणि अर्थही दिसायला सोपा. पण उच्चाराशी असलेलं उरलंसुरलं नातं तुटलं असतं आणि लग्नाचं व पेरणीचं अक्षर एकाकी पडलं असतं. तो मसुदा लोकांना रुचला नाही, आणि १९८६ मध्ये तो अधिकृतपणे रद्द झाला. जुन्या हाताने लिहिलेल्या पाट्यांवर ते रूप कधीकधी भेटतं. दिसलं तर ते 'जिआ'च वाचा, पण परीक्षेत लिहू नका.